पाळण्यातला वरवंटा

बारशाच्या दिवशी अनेक घरी बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा जातो. त्याला झबलं गुंडाळतात, टोपरं घालतात, दोन बायका पाळण्याच्या वरून-खालून तो एकमेकींच्या हाती देतात, आणि मग खरं बाळ निजतं. मध्य प्रदेशातल्या लोधीखेड्याच्या आमच्या गल्लीत अशाच एका बारशाला मी गेले होते. घरात चार वर्षांची मोठी लेक होती. नवा फ्रॉक घातलेला, केसांत रिबीन, पण सकाळपासून कुणी तिच्याकडे बघितलेलं नव्हतं. बायका घुगऱ्या घ्यायला आत गेल्या, तेव्हा तिनं बाजूला ठेवलेला वरवंटा उचलला, ओसरीवर नेला आणि मांडीवर घेऊन थोपटायला लागली. थोड्या वेळानं त्याच्यावर ओरडली, ‘‘रडू नको, नाही तर देऊन टाकीन तुले.’’ मग एक चापट मारली. मग टोपरं नीट केलं आणि पुन्हा थोपटायला लागली.

तिची आई तिला रागवायला उठली, पण आजीनं हात धरला. ‘‘खेळू दे. दगड होय, त्याले लागत नाही.’’

त्या आजीनं जे ओळखलं, तेच मला या लेखात सांगायचं आहे. दोन ते सहा वर्षांच्या लेकराला घरात येणाऱ्या बाळाची गोष्ट बोलून समजावता येत नाही. ‘तुला भाऊ येणार, तू आता मोठी होणार’ हे ते ऐकतं, मान डोलावतं, आणि दुसऱ्या दिवशी बाळ कधी परत जाणार असं विचारतं. ही मोठी बातमी त्याला हातात धरून, उलटीपालटी करून, दहा वेळा मोडून-मांडून बघावी लागते. लहान मुलाकडे त्यासाठी खेळाशिवाय दुसरी जागा नाही. आपल्या जुन्या बायकांनी मोठ्या माणसांसाठीसुद्धा पाळण्यात दगडाचं बाळ ठेवून रंगीत तालीम केली. तशी तालीम घरातल्या मोठ्या लेकराला का मिळू नये?

तालीम बाळ यायच्या आधीच सुरू करा, पण फार आधी नको. पोट दिसायला लागलं की पुरे. तीन वर्षांच्या लेकराला ‘चार महिन्यांनी’ म्हणजे काय ते कळत नाही. त्याला त्याच्या ओळखीची खूण द्या: पोळा झाल्यावर, दिवाळीचा किल्ला मोडल्यावर. सौसर-पांढुर्ण्याकडच्या घरांना तर संत्र्याची बाग हेच पंचांग आहे. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत उतरतात. बाळ त्या सुमारास येणार असेल, तर लेकराला बागेत नेऊन हिरवं फळ दाखवा आणि सांगा, हे पिवळं झालं की बाळ येईल. दर आठवड्याला तेच झाड बघून या. वाट बघणं हा लेकरासाठी पहिला खेळ होतो, आणि त्यात बाबांना किंवा आजोबांना आपसूक काम मिळतं.

दुसरी गोष्ट बाहुलीची. बाजारातली प्लास्टिकची बाहुली हलकी असते, डोळे मिचकावते, कधी रडत नाही. तिच्याशी खेळून लेकराला बाळाचा अंदाज येत नाही. त्यापेक्षा जुन्या लुगड्याची पिशवी शिवा आणि तिच्यात तीन किलोच्या आसपास ज्वारी भरा. आपल्याकडच्या नवजात बाळाचं वजन साधारण तेवढंच असतं. डोक्याच्या जागी कापसाचा गोळा बांधा, पण मान मुद्दाम सैल ठेवा. आपल्या कापसाच्या मुलखात कापूस विकत आणावा लागणार नाही. पिशवीची शिवण दुहेरी घाला, दाणे बाहेर यायला नकोत. ही ज्वारीची बाहुली उचलताना लेकराला कळतं की बाळ जड असतं, एका हातानं उचलत नाहीत, आणि डोक्याखाली हात नसेल तर मान लटकते. मी स्वतः हा प्रयोग तीन घरांत करून पाहिला आहे. साडेतीन वर्षांच्या एका मुलानं पहिल्याच दिवशी तिला ओसरीवरून खाली टाकलं, आणि मग तिच्या ‘टाळूला’ हळद लावत बसला. तेच मला हवं होतं. जे बाहुलीशी करून झालं, ते बाळाशी करून बघायची गरज कमी होते.

एक सांगून ठेवते. बाहुलीला मारलं, फेकलं, ‘विहिरीत टाकतो’ म्हटलं, तरी धावून जाऊन उपदेश करू नका. राग आहे, तो कुठे तरी जाणारच. चिंध्यांच्या बाळावर गेला तर कुणाचं काही बिघडत नाही. फक्त जवळ बसा आणि म्हणा, ‘‘या बाळाचा तुला लई राग आला वाटते.’’ एवढं ऐकून बहुतेक लेकरं बोलायला लागतात. ‘बाळावर प्रेमच करायचं असतं’ अशी शिकवण देण्यासाठी मांडलेला खेळ लेकराला लगेच ओळखू येतो आणि ते उठून जातं.

बाळंतपणाचे ते तीन-चार दिवस सगळ्यात अवघड असतात, आणि तयारी नेमकी त्यांचीच होत नाही. बाळंतपणाला कुणी सौसरला जातं, कुणी पांढुर्ण्याला, कुणी छिंदवाड्याला, अडचण असली तर नागपूरला. आई रात्री अचानक गाडीत बसून गेली आणि सकाळी अंथरूण रिकामं, ही लेकराच्या आयुष्यातली पहिली मोठी ताटातूट असू शकते. म्हणून महिनाभर आधीपासून ‘दवाखाना-दवाखाना’ खेळा. पाट, खुर्च्या मांडून गाडी करा. आई बाहुलीला घेऊन गाडीत बसेल, लेकरू आजीजवळ राहील, हात हलवेल, आणि आई परत येईल. परत येण्याचा भाग कधीही गाळू नका, खेळ त्याच्यासाठीच आहे. रोज एकदा तरी आई ‘गेली’ आणि ‘आली’ पाहिजे. आणखी एक करा. आई जाताना तिचं वापरलेलं, न धुतलेलं लुगडं किंवा ओढणी लेकराजवळ ठेवा. रात्री तो वास उपयोगी पडतो. फोनवरच्या व्हिडिओनं काही लेकरं शांत होतात, काही जास्त रडतात. रडत असेल तर हट्टानं दाखवू नका.

अंगणवाडीचंही इथंच सांगते. १९७५च्या २ ऑक्टोबरला ही योजना देशात सुरू झाली, आणि आज तीन ते सहा वर्षांची लेकरं तिथं जातात ही फार चांगली सोय आहे. पण बाळ आलं त्याच आठवड्यात मोठ्याला पहिल्यांदा अंगणवाडीत घालू नका. त्याला वाटतं, बाळ आत आलं म्हणून मला बाहेर काढलं. दोन महिने आधी सवय लावा, नाही तर बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर.

बाळ घरी आलं की पहिली भेट कशी घडवायची, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आई दारातून येताना तिच्या हातात बाळ नसावं. बाळ आजीकडे किंवा बाबांकडे द्या, आणि आईचे दोन्ही हात मोठ्या लेकरासाठी मोकळे ठेवा. आधी ते दोघं भेटतील, मग बाळ. त्यानंतर लेकराचं बोट बाळाच्या तळहातावर ठेवा. बाळ मूठ मिटून ते बोट पकडतं. नवजात बाळाच्या हाताचा हा उपजत गुण आहे, पण ते सांगायची गरज नाही. ‘‘बघ, तुला धरलं,’’ एवढंच म्हणा.

बाळाला सुरुवातीला वीत-दीड वीत अंतरावरचंच बरं दिसतं. म्हणून मोठ्या लेकराला शिकवा, ‘‘एवढ्या जवळ ये, तरच तू त्याला दिसशील,’’ आणि वीत मोजून दाखवा. वीत मोजणं हाच एक खेळ होतो. बाळ ओळखून हसायला लागतं दीड-दोन महिन्यांनी. तोवर मोठ्याला कंटाळा येतो. त्याला खेळायला भाऊ मिळणार असं सांगितलेलं असतं, आणि हे तर नुसतं झोपतं. त्याची ही तक्रार खरी आहे, ती मान्य करा. ‘होय बापा, आता ते काहीच खेळत नाही’ म्हणा, आणि बाळ आज काय नवीन करतं ते शोधायचं काम त्याला द्या. आज जांभई दिली, आज शिंकलं, आज डावीकडे बघितलं. संध्याकाळी बाबा आले की ही बातमी त्यानंच सांगायची, दुसऱ्या कुणी नाही.

आशाताई घरी येतात तोही दिवस वाया जाऊ देऊ नका. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. बाळाचं वजन करतात, ताप बघतात, एक मिनिटभर श्वास मोजतात. त्यांना विनंती करा, झोळीच्या काट्यावर आधी ज्वारीच्या बाहुलीचं वजन करा. बहुतेक जणी आनंदानं करतात. मग मोठं लेकरू बाळाच्या पोटाकडे बघून श्वास मोजतं, दहापर्यंत येत असेल तर दहापर्यंतच. सहा भेटी म्हणजे सहा वेळा ते या घराच्या कामात सामील झालं.

सहाव्या रात्री सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. ज्या घरी हे करतात, त्यांनी मोठ्यालाही एक कागद आणि खडू द्यावा. त्याला हवं ते काढू द्या. एका मुलीनं त्या रात्री आई, बाबा, आजी, बकरी आणि स्वतः असं चित्र काढलं. बाळ नव्हतंच. कुणीही ‘बाळ कुठाय?’ असं विचारलं नाही याचं मला बरं वाटलं. तीन आठवड्यांनी तिनं त्याच कागदाच्या कोपऱ्यात एक छोटा गोल काढला.

आता दूध पाजण्याच्या वेळेबद्दल. दिवसातली सगळ्यात जास्त भांडणं याच वेळी होतात, आणि ती आईच्या कमी मायेमुळे होत नाहीत. इंग्लंडात केंब्रिजमध्ये जुडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी ४० कुटुंबांत दुसरं बाळ येण्याच्या आधी आणि नंतर घरी जाऊन निरीक्षणं केली आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. आई बाळात गुंतलेली असली की मोठ्याच्या मुद्दाम केलेल्या खोड्या वाढतात, हे त्यांनी पाहिलं. आपल्या घरी ते बघायला संशोधक लागत नाही: बाळ छातीशी गेलं की मोठ्याला पाणी सांडायचं असतं, दार आपटायचं असतं, नेमकी तेव्हाच शी लागते.

त्याच्यासाठी एक टोपली करा. फक्त बाळ दूध पिताना ती खाली येते, नंतर पुन्हा वर जाते. तिच्यात बोळकी, लुगड्याचे रंगीत तुकडे, खडू, जुने पत्ते, दोन-तीन चित्रांची पुस्तकं. दर आठवड्याला एखादी वस्तू बदला. चिंचोके, कवड्या, मणी, सरकी हे तीन वर्षांखालच्याला देऊ नका, आणि मोठ्यालाही बाळाच्या अंथरुणाजवळ नकोत. सगळ्यात चांगलं म्हणजे ज्वारीच्या बाहुलीला त्याच वेळी त्यालाही ‘दूध पाजू’ द्या. आई बाजेवर, लेकरू खाली, दोघांच्या मांडीवर एकेक बाळ. मुलगा असला तरी करू द्या. कुणी हसलं तर त्या हसणाऱ्याला बाहेर चहाला न्या.

डन आणि केंड्रिक यांच्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ज्या आया मोठ्या मुलाशी बाळाबद्दल एक माणूस म्हणून बोलत, त्याला काय हवं असेल, ते का रडत असेल याची चर्चा करत, त्या घरांत पुढं भावंडांचं जास्त जमलं. म्हणजे ‘‘गप, बाळ झोपलंय’’ याऐवजी ‘‘हे का रडत असेल, तुला काय वाटते?’’ असं विचारायचं. आमच्याकडे हा ओळखायचा खेळ आधीपासून आहे. भुलाबाईच्या दिवसांत, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत, पोरी खिरापत झाकून ठेवतात आणि बाकीच्यांनी ती ओळखायची असते. तसंच रडणं ओळखा. भूक, ओलं दुपटं, गरम होतंय, पोट दुखतंय, की नुसतं घ्या म्हणतंय? लेकरू एक उत्तर देईल, तुम्ही एक द्या, मग बघा कुणाचं बरोबर आलं. त्याचं बरोबर आलं की त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

काही गोष्टींत मात्र खेळ नाही. मोठ्याला आणि बाळाला एका खोलीत एकटं सोडायचं नाही, दोन मिनिटंही नाही, तो कितीही शहाणा असला तरी. बाळाला घ्यायचं तर जमिनीवर बसून, भिंतीला टेकून, मांडीवर उशी ठेवून, आणि मोठ्या माणसाचा हात मानेखाली. टाळू दाबायची नाही. बाहेरून आलं की हात धुवायचे. सर्दी असेल तर पापी नाही. पण ‘हात लावू नको’ एवढंच दिवसभर ऐकून लेकरू कडवट होतं, म्हणून त्याला एक जागा त्याची म्हणून द्या: बाळाचे पाय. तोंडाजवळ जायचं नाही, पाय मात्र हवे तेव्हा धरायचे, मोजे घालायचे, बोटं मोजायची. झोळीची दोरी लांब ठेवा, म्हणजे ते दूर बसून ओढेल, आणि नियम ठेवा की गाणं जेवढं हळू, तेवढीच दोरी हळू. घरात मराठी आणि शाळेत हिंदी अशी आमच्याकडची बहुतेक लेकरं आहेत. बाळासमोर ती दोन्ही भाषांत गातात, गाऊ द्या.

मोठं लेकरू परत अंथरूण ओलं करायला लागेल, बोबडं बोलेल, ‘मलाही झोळीत टाक’ म्हणेल. रागावू नका, लाजवू नका. त्याच्याशीच बाळ-बाळ खेळा. लुगड्यात गुंडाळा, मांडीवर घ्या, थोपटा, त्याच्या बारशाची, पहिल्या पावलाची गोष्ट सांगा. पाच मिनिटांत ते स्वतःच कंटाळून उठतं, कारण पळणाऱ्या पोराला बाळ राहणं फार वेळ जमत नाही. (झोळीत मात्र त्याला बसवू नका, गाठ बाळाच्या वजनाच्या हिशेबानं बांधलेली असते.)

आणि शेजारच्यांना, पाहुण्यांना आवरा, हे मी हात जोडून सांगते. ‘आता तुझे लाड संपले’, ‘तुले कोण विचारते आता’, ‘बाळाले आम्ही घेऊन जाऊ का?’ ही वाक्यं थट्टेत म्हटली जातात, पण लेकरू ती थट्टा म्हणून घेत नाही. दारातच सांगा की आधी मोठ्याशी बोला. बाळ बघायला येणाऱ्यानं पाच रुपयांचा खाऊ आणला तरी तो मोठ्याच्या हाती द्यावा. बाळाला त्याचं काही नसतं.

उलट टोकाची चूकही होते. ‘तू ताई झालीस’ म्हणत सहा वर्षांच्या पोरीला आपण बाळाची आया करून टाकतो. पाळणा हलव, दुपटं आण, बाळाकडे बघ, मी धुणं धुऊन येते. बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडकांनी आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघांनी खेड्यातल्या लेकरांसाठी काम सुरू केलं, तेव्हा त्यांना हेच दिसलं: धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून मोठ्या मुली शाळेत येऊच शकत नाहीत. पुढं त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, त्याला विकासवाडी म्हटलं. धाकट्याची सोय झाली तेव्हा मोठीला तिचं बालपण परत मिळालं. आज आपल्या घरात तेवढी ओढाताण नसेल, पण माप तेच ठेवा. मदत खेळ वाटते तोवर घ्यायची. लेकरानं ‘नाही’ म्हटलं की ती थांबली पाहिजे, आणि नाही म्हटल्याबद्दल बोलणी खायला लागता कामा नये. त्याच दोघींनी शिंपले, बिया, पानं, दगड अशा आसपासच्या वस्तूंतून बालशिक्षणाची साधनं केली. वर सांगितलेल्या एकाही खेळाला पैसे लागत नाहीत, हे त्यांच्याकडूनच शिकलेलं आहे.

दिवसातली दहा मिनिटं मात्र अशी हवीत की त्यांत बाळाचं नावही नाही. बाळ झोपलेलं असताना, बाजेवर पडूनच, आई आणि मोठं लेकरू. काय खेळायचं ते लेकरू ठरवेल. आईला उठवत नसेल तर बोटांची बाहुली, टाळ्यांची गाणी, छतावरच्या पालीची गोष्ट चालेल. बाबा हंगामात उशिरा येत असतील तर त्यांची दहा मिनिटं सकाळची असू द्या.

आमच्याकडचं सगळ्यात चांगलं निमित्त म्हणजे तान्हा पोळा. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पांढुर्ण्याला जाम नदीवर दगडफेकीची गोटमार असते त्याच दिवशी, लेकरं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. सणाच्या नावातच तान्हं आहे, पण तान्ह्याला बैल ओढता येत नाही. तो मोठ्यानं ओढायचा. वर्षाच्या आत घरात बाळ आलेलं असेल तर यंदा दोन बैल काढा: एक मोठ्याचा, एक बाळाचा. शिंगं रंगवायला, झूल शिवायला, गळ्यात घुंगरू बांधायला आठवडाभर आधी बसा. बाळाच्या बैलाची झूल बाळाच्या जुन्या दुपट्याची करा. मोठं लेकरू दोन्ही दोऱ्या धरून गल्लीत निघेल, दारोदारी सांगेल, हा माहा बैल होय आणि हा बाळाचा. बोजाराही दोघांचा वेगळा मागेल, आणि घरी येऊन बाळाच्या पाळण्याशेजारी चिल्लर मोजेल. मोजून झाली की नाणी वर ठेवा, बाळाच्या हाती लागू देऊ नका. त्यातले काही पैसे त्यानं स्वतःकडे वळवले तर बघून न बघितल्यासारखं करा.

सात-आठ महिन्यांनी बाळ रांगायला लागतं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आता ते मोठ्याची भातुकली उधळतं, पुस्तकाचं पान तोंडात घालतं, बैलाचं शेपूट चावतं. ‘जाऊ दे, लहान आहे’ हे वाक्य तेव्हा दिवसातून वीस वेळा निघतं, आणि दर वेळी मोठ्याची एक वस्तू जाते. बाळाला चावायला लाकडी वाटी द्या, गोधडीवर त्याची जागा करा. मोठ्याचा मांडलेला खेळ बाजेवर किंवा पाटावर उंच ठेवा. आणि भिंतीतला एक कोनाडा त्याच्या नावाचा असू द्या, बाळाचा हात पोचणार नाही इतका वर. त्याचा बैल तिथं राहील.